दोन परस पाणी

उस्मानपुरा, औरंगाबाद
४ जानेवारी १९८८

श्री. नूरमोहम्मद यांस,

बद्रीनाथचा नमस्कार. 'श्री.' लिहिताना मलाच कसंतरी झालं, पण 'नूऱ्या' लिहायला आज हात धजत नाही. पाचोडच्या शाळेपासून तुला दुसरं काही म्हटल्याचं आठवत नाही. असो.

जहाज खडकावर बसल्याचं मला मुंबईच्या ऑफिसातून फोनवर कळलं. पहिल्याच फेरीत, शेवटच्या बेटाच्या तोंडाशी, भर ओहोटीला. माणसं सगळी सुखरूप आहेत म्हणाले. बुडाखाली लोंबणारा यंत्राचा घुमट तुटून पडला, जहाज दोन दिवस तिथंच अडकलं आणि मग ओढून परत आणलं. तू पुढच्या टोकाला उभा राहून वाट दाखवत होतास, म्हणून तुला कामावरून बाजूला केलंय आणि १२ मार्चला चौकशीची शेवटची बैठक आहे, हेही कळलं. दोष लागला तर पुन्हा कुठल्या जहाजावर पाय ठेवू देणार नाहीत म्हणे. लई वाईट वाटलं.

चौकशीवाल्यांचं डिसेंबरात मलाही पत्र आलं होतं. त्यांचा एकच सवाल. जहाजाच्या पुस्तिकेत त्या वाटेची खोली साडेचौदा फूट छापलीय, खाली तुझा हुद्दा, खलाशांचा मुकादम, धरून 'माहिती: बोसन नूरमोहम्मद' असं आहे. बोसन म्हणतात, मी फूट सांगितलेच नव्हते, 'दोन परस' सांगितलं होतं. तर परस म्हणजे काय?

मी उत्तर धाडलं. परस म्हणजे आमच्याकडं विहिरीची खोली मोजायचं माप. माणूस हात वर करून उभा राहिला की पायापासून बोटाच्या टोकापर्यंत जेवढा भरतो तेवढं, सव्वासात फूट. शब्दकोशाच्या पानाची नक्कल जोडली. दोन परस म्हणजे साडेचौदा फूट. यात मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. हे तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय.

तुझं ते आठ पानी पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. आमच्या ऑफिसला हे जहाज आखायचं काम मिळालं तेव्हा मीच फुशारकीनं म्हटलं होतं, त्या बेटांच्या देशाच्या आरमारात माझा लहानपणचा दोस्त आहे, आपल्या नौदलातून निवृत्त होऊन तिथल्या खलाशांना शिकवायला गेलाय, त्याला विचारतो. अख्खं आरमार म्हणजे तीन जुन्या बोटी अन् दीडशे माणसं, आणि राखायची बेटं चाळीस. अशा देशाला एकच नवं जहाज परवडणार, तर त्यानं करायचं काय? तू आठ पानं भरून सांगितलंस. चोरून मासे नेणाऱ्यांना हाकलायचं. पाऊस दगा देईल त्या साली बेटांवर प्यायचं पाणी न्यायचं (ते वाचून मी हसलो होतो, पाचोडचे टँकर आठवून). डॉक्टर न्यायचा. अडलेली बाई आणायची. शाळेच्या परीक्षेचे पेपर, मतपेट्या. आणि कुणी मोठ्या बेटावर दवाखान्यात वारलं तर मयत त्याच्या त्याच्या बेटावर पोचवायची, कारण तिथली माणसं परक्या वाळूत पुरत नाहीत. मी तोपर्यंत जहाज म्हणजे तोफ अन् वेग एवढंच समजत होतो.

शेवटी लाल शाईनं लिहिलं होतंस, "बद्री, यातलं काहीही तेव्हाच होईल, जेव्हा जहाज खडकाच्या कुंपणातून आत जाईल. शेवटच्या बेटाची वाट ओहोटीला दोन परस. नकाशात ती नाहीच, मी स्वतः दोरी टाकून मोजलीय. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, हे विसरू नको."

मी विसरलो नाही. दोन परसच धरलं. समुद्राचं काय सांगावं, वाळू सरकते, प्रवाळ वाढतं. मोजताना माणसाच्या हातून कमीजास्त होतं. मनाला लावून घेऊ नकोस.

बद्रीनाथ

उस्मानपुरा
२१ जानेवारी १९८८

नूर,

उत्तर आलं नाही. मला नाही ते नाही, पण भाभींनाही दिवाळीपासून तुझं पत्र नाही.

तुझी अख्तरी लग्न होऊन परभणीला गेल्यापासून भाभींना तुझी पत्रं मी वाचून दाखवतो आणि त्यांची उत्तरं मीच लिहितो. तू का लिहीत नाहीस ते मला समजतं. तू बायकोला लिहिलेलं माझ्या तोंडून जायला नको, असंच ना? म्हणजे माझ्यापायी ती बाई दर दुपारी पोस्टमनच्या सायकलीकडं बघत दारात उभी राहते. मी गल्लीच्या टोकावरून बघतो अन् दुसऱ्या रस्त्यानं घरी येतो.

काल त्या आमच्याकडं आल्या. पिशवीत ओल्या शेंगा होत्या, आमच्या हिच्यासाठी, आशासाठी. आशानं चहा टाकला. भाभींना चौकशीचं काहीबाही कळलं होतं. म्हणाल्या, "भाईसाब, तुमकू अंग्रेजी आती. उन लोगांकू एक अर्ज लिखो." मी म्हटलं, लिहितो. चूक झाली असेल तर कबूल करून, दया मागून मोकळं व्हावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी तीनदा खरडलं, तीनदा फाडलं. शेवटी लिहिलं ते असं: खोली सांगताना माझ्या नवऱ्याच्या हातून चूक झाली, एकतीस वर्षांच्या दर्यावरच्या नोकरीतली ही पहिली चूक आहे, तरी साहेबांनी दया करावी. भाभींच्या अंगठ्याला शाई मीच लावली. जाताना म्हणाल्या, अल्ला तुमच्या हाताला बरकत देवो. आशा आत गेली अन् मी हात धूत मोरीवर बराच वेळ उभा राहिलो.

मुंबईच्या ऑफिसासाठी घरी बसून ज्या टेबलावर जहाज काढलं त्याच टेबलावर तो अर्ज लिहिला. हे पत्र हाती पडेल तोवर तुला आणि तुझ्या साहेबांना तो पोचला असेल.

आता ऐक, मुंबईच्या त्या बैठकीत काय झालं ते मी तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. माझा पहिला आराखडा तुझ्या पत्राबरहुकूम होता. दहा फूट पाण्यात बसणारं जहाज. पाण्याच्या दोन मोठ्या टाक्या, दोन खाटांचा दवाखाना, मयतीसाठी थंड खोली, मागं छोटी होडी उतरवायची सोय. तोफ एक, तीही लहान. मला तो आराखडा फार आवडला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी काढलेल्या जहाजाला काही काम होतं.

तुमच्या आरमाराचे बडे साहेब आले. त्यांनी शेजारच्या देशांच्या जहाजांचे फोटो टेबलावर मांडले. म्हणाले, हे आमचं पहिलं जहाज, बघितल्यावर आरमाराचं वाटलं पाहिजे, टपालाचं नको. त्यांना सोनार पाहिजे होता, पाणबुडीचा आवाज ऐकणारं यंत्र. त्यांच्या समुद्रात पाणबुडी कुणी बघितली होती देव जाणे. ते यंत्र बुडाखाली घुमटात बसतं आणि घुमट अडीच फूट खाली लोंबतो. आमच्या मोठ्या साहेबांनी मला विचारलं, बद्रीनाथ, चालेल का? सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. दहा अन् अडीच साडेबारा. दोन परस म्हणजे साडेचौदा. वर दोन फूट पाणी शिल्लक. मी म्हटलं, चालेल.

त्या एका शब्दावर बैठक संपली आणि चहा आला. नकाशाच्या कोपऱ्यात मुख्य आरेखक म्हणून माझं नाव पडलं. चाळीस-पंचेचाळीस जहाजांवर काम केलं मी, नाव पहिल्यांदा आलं. तो नकाशा मी फ्रेम करून पुढच्या खोलीत लावला होता. परवा उतरवून कपाटामागं ठेवलाय.

हे सांगून काय मिळवायचंय ते माझं मलाच कळत नाही. तू काहीतरी लिही. शिव्या दे.

बद्री

उस्मानपुरा
९ फेब्रुवारी १९८८

नूर,

तुझं पाकीट आलं. चिठ्ठी नाही, चिटोरं नाही. आत एक सुतळीची गुंडाळी, दोन्ही टोकांना गाठ आणि बरोबर मध्यावर एक गाठ. आणि माझंच ते निळं हवाई पत्र.

गुंडाळी कसली ते हातात घेताच कळलं. तरी पट्टी काढली. टेबलावर मावेना म्हणून जमिनीवर पसरली. आशा म्हणाली, हे काय मांडलंय भर दुपारी? मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. अकरा फूट सात इंच. दोन्ही हात पसरून छातीवरून दोन वेळा मोजलेली दोरी. तुझे दोन परस.

आधी मला रागच आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, दोरीनं काय सिद्ध होतंय? मला काय माहीत हा कुठला परस धरतो? शब्दकोशात आहे तोच मी धरला. साऱ्या दुनियेत शब्दकोश बघूनच कामं चालतात. याला फूट लिहायला काय झालं होतं, नौदलात एवढी वर्षं फूट अन् वाव मोजत होता की. मला पत्र लिहिताना मुद्दाम पाचोडचं माप काढायचं काही कारण होतं का? दोस्ती दाखवायची हौस.

हे वरचं खोडणार होतो, पण राहू दे. माझ्या डोक्यात काय काय येतं ते तुला कळू दे.

मग ते निळं पत्र उघडलं. घुमटाचं मी कळवल्यावर तू लिहिलं होतंस, "जहाजावर सोनाराचं दुकान कशाला? तिथं कोण दागिने घडवणार? बरं, साहेब लोकांची मर्जी. ते खाली लोंबतंय ते धरून दोन परसात बसतंय ना, तेवढं कळव, म्हणजे मी निर्धास्त." त्याला मी दिलेलं हे उत्तर. पानभर गप्पा, भाभींची खुशाली, पाचोडच्या बाजारात कुणी कुणी तुला विचारलं ते, आणि शेवटच्या ओळीत, "घुमट धरून दोन परसात आरामात बसतंय. तू बिनघोर ने."

नूर, हे पत्र तू चौकशीत का दाखवलं नाहीस? एवढं एक दाखवलं असतंस तरी मी अडकलो असतो. तुझ्याकडं दुसरा पुरावा नव्हता. तो तू मलाच परत पाठवलास. आता मी ते चुलीत घातलं तर कुणाला काही कळणार नाही.

दोन दिवस ते माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे.

बद्री

पाचोड
१५ फेब्रुवारी १९८८

नूऱ्या,

काल मी पाचोडला आलो. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर बसून हे लिहितोय. हाताला खरचटलंय म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे.

आमचा जुना गडी कारभारी अजून आहे. पासष्टी उलटली, पण डोळे शाबूत. विहीर खोदताना तो वरून दोरी धरायचा, नवाबचाचा, तुझे अब्बा, आत सुरुंगाची भोकं पाडायचे आणि आपण दोघं मातीच्या ढिगावर बसून खडे टाकायचो अन् शिव्या खायचो. मी कारभाऱ्याला विचारलं, सात परसाची खूण अजून आहे का? तो म्हणाला, "असायला काय झालं? दगडात कोरलेली हाय. तुझ्या बापानं पुसून टाक म्हणलं होतं, नवाब म्हणला, मालक, दगड पुसत नसतो."

यंदा पाणी तळाला गेलंय. मी सदरा काढला अन् कमरेला दोर बांधून उतरलो. पट्टीचं वरचं टोक कारभाऱ्याकडं.  एका पायरीवरून घसरलो तेव्हा वरून म्हातारा ओरडला, की जहाजं काढणाऱ्या माणसानं विहिरीत कशाला मरावं. उत्तरेच्या अंगाला, शेवाळाखाली, छिन्नीनं मारलेल्या सात रेघा सापडल्या. हातानं चाचपून मोजल्या. पट्टी म्हणाली चाळीस फूट सात इंच. सातानं भागून बघ. पावणेसहा फुटांच्या वर अर्धा-एक इंच. नवाबचाचांचे पसरलेले हात. तुझेही तेवढेच.

आणि त्या रेघांच्या खाली आणखी दहा-साडेदहा फूट विहीर आहे, काळ्या पाषाणातून फोडलेली. ती का आहे ते तुला सांगायला नको. तू तिथंच होतास. सात परसाचं ठरलं होतं. चाचांनी सात भरले, रेघा मारल्या अन् वर आले. नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, कारभाऱ्याला विहिरीजवळ उभं केलं, हात वर करायला लावले आणि म्हणाले, परस म्हणजे हा. तुझे सात अजून भरले नाहीत, उतर खाली. चाचा एवढंच म्हणाले, "मालक, खोदणारा हात पसरून मोजतो. हात वर करून काठावरचा माणूस मोजतो." मग खाली उतरले. मिरगापर्यंत खोदत होते.

मी आठ वर्षांचा होतो. मला हे सगळं आठवतं. मुंबईच्या बैठकीतही आठवत होतं.

हेच लिहायचं होतं, इतके दिवस फिरवून फिरवून लिहीत होतो. मला परस दोन आहेत हे माहीत होतं. तुझा कुठला तेही माहीत होतं. ऑफिसात बसून मी दोन्ही आकडे पेन्सिलीनं मांडले होते, साडेअकराच्या आसपास आणि साडेचौदा. तुझा धरला तर घुमट बसत नाही, साहेब नाराज होतात, आराखडा दुसऱ्याकडं जातो, नाव जातं. माझ्या बापाचा धरला तर सगळं सुरळीत. मी बापाचा धरला, आणि तुझा आकडा रबरानं पुसला. मग छापताना खाली तुझं नाव घातलं, म्हणजे उद्या काही झालं तर. तू विचारलंस, दोन परसात बसतंय ना. मी लिहिलं, बसतंय. शब्द खरा होता आणि मी खोटं बोललो. तू जहाजाच्या तोंडाशी उभा राहून बिनघोर आत नेलंस, कारण मी सांगितलं होतं.

आणखी एक आहे. चौकशीवाल्यांना शब्दकोशाचं पान पाठवताना एक घाण विचार मनात आला होता. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, मुसलमान घरं शोधत टोळ्या फिरत होत्या तेव्हा, तुम्हा सगळ्यांना नानांनी चार दिवस कडब्याच्या खोलीत लपवलं, दाराशी आलेल्यांना परत धाडलं. आमच्या घरात ही गोष्ट मी हजार वेळा ऐकली आणि पाहुण्यांना पाचशे वेळा सांगितली. मला वाटलं, एवढं आमच्या घरानं यांच्यासाठी केलं, नूरनं माझ्यासाठी एवढं सोसलं तर काय बिघडलं. हे मी खरोखर मनात म्हटलं. ज्या विहिरीच्या पाण्यावर ते घर चाललं तिची खालची दहा फूट तुझ्या बापाची होती, हे त्या गोष्टीत कधी कुणी सांगितलं नाही.

मला माझी शरम वाटते. आशाच्या तोंडाकडं बघवत नाही, भाभींच्या दारावरून जाववत नाही. आज विहिरीतून वर आलो तर कारभाऱ्यानं पाणी दिलं आणि विचारलं, नूर बरा हाय का? मी तांब्या खाली ठेवला.

जबानी लिहून तयार केलीय. दोन्ही परस, विहिरीतल्या रेघांचं माप, त्याखाली कारभाऱ्याचा अंगठा, ती सुतळी, ते निळं पत्र. उद्या औरंगाबादच्या मोठ्या पोस्टातून हवाई रजिस्टरनं जाईल, आणि आधी तार. १२ मार्चच्या आत पोचेल. ऑफिसलाही एक नक्कल पाठवतोय. साहेब मला मागंच म्हणाले होते, शब्दकोशातला अर्थ सांगा, वर एक अक्षर नको. आता ते मला उभं करणार नाहीत. करू नयेच.

आता तुझ्यापासून काही लपवलेलं नाही. उरलंय ते भाभींना सांगायचं. ते उद्या-परवा.

बद्री

उस्मानपुरा
१८ फेब्रुवारी १९८८

(भाभी बोलतायत, मी लिहितोय. आजवर त्यांचं बोलणं मी नीटनेटकं करून लिहायचो. आज त्यांनी बजावलंय, जसं बोलते तसंच लिहा, एक लफ्ज इकडचा तिकडं करू नका.)

अख्तरीच्या अब्बांना अनवरीचा सलाम.

मी बरी हाय. बकरी व्याली, दोन पिल्लं झाली. अख्तरी रमजानला येते म्हणली.

बद्रीभाई सकाळी आले. चपला काढल्या अन् उंबऱ्यातच बसले, आत या म्हणलं तरी आले नाय. मग सगळं सांगितलं. परसाचं, विहिरीचं, त्या निळ्या खताचं. रडत होते.  बोलून झाल्यावर म्हणले, भाभी, माफ करा. मी म्हणले, भाईसाब, माफीचा अर्ज लिहायचा असतो, तुम्हीच शिकवलं. कागद आणा.

आता एक गोष्ट नीट ऐका. माझा अंगठा लावून तुमच्या साहेबांकडं जो अर्ज आला त्यात काय लिहिलंय ते मला आज कळलं. मी विचारलं तवा यांनी सांगितलं. त्यात म्हणे तुमची चूक झाली असं हाय, अन् ते मी म्हणले असं हाय. मी असलं काय बोललेच नव्हते. मी बोलले होते, माझा माणूस पाण्याला कधी चुकला नाय, नीट चौकशी करा अन् त्याला घरी धाडा. बस, एवढंच. चुकीचा लफ्ज यांनी घातला, दया मागायचा बी यांनीच घातला. मला वाचता येत नाय, मी अंगठा दिला, वरून दुवा दिली.

आधीचं ऱ्हाऊ द्या, पण अर्जानंतर बी तुमचं खत नाय ते म्हणून असंल. बायकोनं बी मला चूक ठरवलं, असं तुम्हाला वाटलं असंल. मी ठरवलं नाय.

(इथं माझा हात थांबला होता. भाभी म्हणाल्या, "लिखो भाई, रुको मत." पंधरा तारखेच्या पत्रात मी लिहिलं होतं, की आता काही लपवलेलं नाही. हे लपवलं होतं. तुझी बायको मी कागदावर तुझ्याविरुद्ध उभी केली. हे वाक्य माझं आहे, भाभींनी लिहायची परवानगी दिली.)

बद्रीभाईची जबानी पोस्टात पडली, त्याची पावती त्यांनी दाखवली. मी पावती माझ्याकडं ठेवून घेतली. तारीख आली की काय झालं ते तुम्हीच कळवा. खत उर्दूत लिहा. मशिदीमागच्या शाळेत एक उस्तानी आलीय, ती वाचून दाखवंल, तिला मी सांगून ठेवलंय.

यांच्यावर राग धरायचा का नाय ते तुमचं तुम्ही बघा. मला अजून कळंना. माणूस उंबऱ्यात बसलाय, चहा दिला तो तसाच थंड झाला.

हे खत आधी उस्तानीकडं नेलं. तिला मराठी बी येतं, तिनं दोनदा वाचून दाखवलं. मगच अंगठा लावला.

अनवरी

लिहिणार, बद्रीनाथ